सव्वा इंच

आमच्या दुकानाचा पहिला नियम बाबांनी मला चामडं कापायची रापी हातात द्यायच्या आधी शिकवला होता. गिऱ्हाईक रस्त्यात दिसलं तर ओळख दाखवायची नाही. त्याने आधी मान हलवली तर आपण हलवायची. त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं तर आपणही दुकानांच्या पाट्या वाचत पुढे जायचं.

कारण बाबा बूट बनवायचे ते वाकड्या पायांचे. एक पाय आखूड, पंजा आत वळलेला, टाच जमिनीला न टेकणारी, बोटं गेलेली. ह्या माणसाकडे कोण जातं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे बाबांनी बाजारात कोणाला नुसतं ‘काय, बरं आहे ना?’ विचारलं तरी चार लोक त्या माणसाच्या पायांकडे बघायला लागत. घरात दारुडा असला तर माणसं सांभाळून घेतात, चोर निघाला तर पांघरूण घालतात, पण कोणी लंगडा म्हणालं की मारामारीवर येतात. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे मला कोणी माणुसकी वगैरे शिकवायला येऊ नये.

दुकानाला दोन दारं होती. पुढचं रस्त्यावर. तिथे काचेत सरळ पायांचे चकचकीत बूट मांडलेले असत. ते विकायचे नव्हतेच, अब्रूला ठेवलेले होते. खरं गिऱ्हाईक मागून, गल्लीकडच्या दाराने यायचं. त्या दाराला ना पाटी, ना घंटा. आत एक पडदा, पडद्याआड खुर्ची, आणि खुर्चीसमोर जमिनीवर मी किंवा बाबा. लोक देवाचे पाय धरतात, आम्ही गिऱ्हाइकाचे.

गिऱ्हाइकांची नावं बाबांच्या लक्षात राहत नसत. मापं राहत. म्हणून आमच्यात सगळ्यांना मापावरूनच हाक होती. ‘आज अर्धा येणार आहे, आणि दुपारी ती पंजा-आत बाई.’ आत्या म्हणायची, “हा माणूस मेल्यावर वर जाऊन देवालाही विचारेल, साहेब, टाच किती ठेवू?”

आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून घर आत्याकडे, दुकान बाबांकडे आणि मी दोघांच्या ओढाताणीत. सतराव्या वर्षी शाळेने मला सोडलं की मी शाळेला, ह्यावर त्या दोघांचं एकमत नव्हतं. पण एक झालं होतं. बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा आखडला होता आणि बारीक काम माझ्याकडे आलं होतं.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो आला. आईबरोबर, गल्लीच्या दाराने. आई आधी आत डोकावली, मग मागे वळून तिने गल्ली बघून घेतली, मग त्याला आत ओढलं.

“तसं काही नाहीये,” ती बसायच्या आधीच म्हणाली. “लहानपणी पडला होता. थोडंसंच आहे.”

“बूट काढ,” बाबा म्हणाले.

“मोजेपण?” त्याने विचारलं.

“मोजेपण.”

डाव्या बुटातून पुठ्ठ्याचे तुकडे पडले. एकावर एक कोंबलेले, घामाने लगदा झालेले. स्वतःच कात्रीने कापले असणार. त्याची आई भिंतीकडे बघायला लागली. तो मात्र लाल होऊन माझ्याकडे बघत राहिला, मी हसते की काय म्हणून.

मी हसले नाही. मी त्याचा पाय बघत होते. आमच्या धंद्यात आधी पाय दिसतो, चेहरा मागाहून. डावा पाय उजव्यापेक्षा लहान होता, गोरा, मऊ, लहान मुलाच्या पायासारखा. त्या पायावर त्याने कधी पूर्ण वजन टाकलंच नव्हतं. त्याला कुठे घट्टाही पडला नव्हता.

माप घ्यायची बाबांची रीत अशी: माणसाला अनवाणी उभं करायचं. बाबा मागे गुडघ्यांवर बसून त्याच्या कमरेच्या दोन हाडांवर दोन्ही हात ठेवणार. मी आखूड पायाखाली लाकडाच्या पातळ पट्ट्या सरकवत जाणार. दोन्ही हाडं एका रेषेत आली की थांबायचं.

“अजून एक,” बाबा म्हणत होते. “अजून. अजून एक, ती पातळ. बस. सव्वा इंच.”

आणि तेच त्याचं नाव झालं.

“मग लावून टाका ना सव्वा इंच,” तो म्हणाला. “उन्हाळा संपताना माझी मुलाखत आहे. मोठ्या हॉटेलात, स्वागताच्या टेबलावर. तिथे चालून दाखवावं लागतं.”

“लावतो. मग कंबर धरली की परत काढतो. एवढी वर्षं वाकडं उभं राहिलेलं अंग आहे, एका दिवसात सरळ केलं तर मोडेल. थर चढवावा लागतो. आठवड्याला एक.”

“पण बाहेरून कळणार नाही ना?” त्याच्या आईने विचारलं.

“कळलं तर परत आणा. ही करेल काम.”

“ही?”

“हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे,” बाबा म्हणाले. “तिला अजून माहीत नाही, तेव्हा सांगू नका.”

मी तिथेच पट्ट्या गोळा करत होते. बाबांनी माझं कौतुक केल्याचं मला आठवतं ते एवढंच, आणि तेही त्यांनी गिऱ्हाइकाला दिलं.

दर आठवड्याला तो एकटा यायला लागला. काम साधं होतं. कॉर्कचा एक पातळ थर कापायचा, कानशीने कडा उतरवायच्या, बुटाच्या तळाला आणि थराला सोल्यूशन फासायचं, सुकू द्यायचं, मग दाबून हातोडीने ठोकायचं. सोल्यूशन पातळ लावलं की एक कप चहा होईस्तोवर सुकतं. जाड लावलं तर रेंगाळतं. हे मला परकरात असल्यापासून माहीत होतं.

पहिल्या खेपेला मी पातळ लावलं. दुसऱ्या खेपेला हात जरा जड पडला. तिसऱ्या खेपेपासून मी लाज सोडली.

बूट सुकेपर्यंत गिऱ्हाईक जाणार कुठे? तो खुर्चीत बसायचा, डावा पाय वर्तमानपत्रावर, आणि मी समोर जमिनीवर. सुरुवातीला मी ‘तुम्ही’ म्हणायचे, दुकानाच्या शिस्तीप्रमाणे. तो म्हणाला, “माझा पाय मांडीवर घेऊन बसलीयस आणि तुम्ही काय? तू म्हण.”

“दुकानात चालत नाही.”

“मग हळू म्हण.”

मी हळू म्हणाले. तो शब्द इतका हळू मी आयुष्यात कोणाला म्हटला नव्हता.

“शाळेत मला होडी म्हणायचे,” एकदा त्याने सांगितलं. “डुलत येतो म्हणून. वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून वल्हं मारल्याचा आवाज काढायचे. मास्तरसुद्धा हसायचे.”

मी म्हणाले, “आम्ही तुला सव्वा म्हणतो.”

त्याला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. “सव्वा चांगलंय. बाकी सगळे एक, मी सव्वा.”

माझ्या बोटांवर सोल्यूशन सुकून त्याची साल धरायची. ती साल तो नखाने सोलून काढायचा. एकेक बोट घेऊन, सावकाश, जपून, जणू खाली काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते पुसलं जाईल. मला आजवर कोणी काही दिलं नाही असं नाही. पण माझ्या हातांशी इतका वेळ कोणी घालवला नव्हता.

“डबा कसा काय संपला?” आत्याने विचारलं. “पितेस की काय?”

“उन्हाने उडतं.”

“हो का? मागच्या उन्हाळ्यात नव्हतं उडत.” ती माझ्याकडे बघत राहिली, मग नवा डबा आणायला गेली. जाताना दारातून म्हणाली, “पायातली वहाण पायात बरी असते गं बाई. लोकांची डोक्यावर घेऊ नये.”

बाबा शेजारच्या पाटावर कलबुतावर चामडं ताणत बसलेले. कलबूत म्हणजे लाकडाचा पाय, त्याच्यावर बूट चढतो. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मला वाटलं, त्यांना कळत नाही.

दुकानाच्या मागे एक लांब बोळ होता. जमिनीवर खडूची रेघ आणि टोकाला माणसाएवढा आरसा. नवा थर चढला की गिऱ्हाइकाने तिथे चालायचं आणि आम्ही बघायचं. इतर गिऱ्हाइकं दोन फेऱ्या मारून कंटाळायची. तो फेरीवर फेरी मारायचा आणि मी बाजूने चालायचे.

“खांदा.”

“कुठला?”

“पडलेला.”

“दोन्ही पडलेत.”

“मग तुझं नशीब पडलंय, त्याला मी काय करू? चाल.”

तिथेच आम्ही मुलाखतीची तालीम करायचो. मी आरशाजवळ उभी राहायचे, श्रीमंत बाई होऊन, हातात रापीची पिशवी पर्ससारखी धरून. तो रेघेवरून चालत यायचा, थांबायचा, मान किंचित झुकवायचा आणि हॉटेलातल्या आवाजात विचारायचा, “काही मदत करू का?”

“हो. माझ्या खोलीत वास येतोय.”

“कसला, मॅडम?”

“चामड्याचा.”

“तो तुमचाच आहे, मॅडम.”

आणि आम्ही तोंड दाबून हसायचो, कारण पलीकडे आत्या.

त्याची पावलं मला गल्लीच्या तोंडापासून ओळखू यायची. एक जड, एक हलकं. धप, टप. धप, टप. ते ऐकलं की माझ्या हातातली कानस वेडीवाकडी फिरायची. पण प्रत्येक थराबरोबर ते जड पाऊल हलकं होत होतं आणि हलकं जड. मी ते स्वतःच्या हाताने करत होते. दर आठवड्याला त्याला जरा सरळ करायचं आणि त्याचा आवाज जरा पुसायचा. त्यात काही गडबड आहे असं माझ्या मनाला शिवलंही नाही. मला वाटायचं, मी त्याला माझ्यासाठी सरळ करतेय.

शेवटून दुसरा थर चढला त्या दुपारी तो आरशापाशी उभा राहिला आणि वळलाच नाही. बराच वेळ स्वतःला बघत होता.

“मी उंच आहे,” तो म्हणाला.

“आहेसच.”

“मला माहीतच नव्हतं.”

मी त्याच्या खांद्यांची रेषा बघायला जवळ गेले. खरंच त्यासाठीच गेले. तो वळला आणि त्याने माझं तोंड धरलं. त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता आणि माझ्या हातांना सोल्यूशनचा, म्हणून मी हात पाठीमागे धरून ठेवले, त्याचा सदरा खराब होऊ नये म्हणून. माझा पहिला मुका मी असा घेतला, चोराला पकडल्यासारखे हात मागे बांधून.

“माझा पाय आईशिवाय कोणी पाहिला नव्हता,” तो म्हणाला. “तू पाहिलास आणि तुला काहीच वाटलं नाही.”

“वाटलं.”

“काय?”

“की तो उजव्यापेक्षा चांगला आहे.”

त्याने माझ्या मानेत तोंड खुपसलं. मग म्हणाला, “निवड झाली ना, की सगळ्यात आधी इथे येईन. पण मागच्या दाराने नाही. पुढच्या. भर दुपारी, त्या काचेतल्या खोट्या बुटांसमोरून. तुझ्या बाबांना सांगेन, बूट घ्यायला नाही आलो.”

मी त्याला बोलायला सांगितलं नव्हतं. हे मला इथे नीट नोंदवून ठेवायचंय. त्याने आपणहून म्हटलं.

मुलाखतीसाठीचा जोड मी एकटीने केला. काळा, साधा, नाडीचा. अर्धी उंची बुटाच्या आत लपवली, अर्धी बाहेर, टाचेला उतार देऊन. उजव्या बुटाचा तळही थोडा जाड केला, म्हणजे बघणाऱ्याला दोन्ही सारखे वाटावेत. कडेला इतकी कानस मारली की माझ्या तळव्याची कातडी गेली. कोणाच्या बापाला कळलं नसतं. त्याने ते घालून बोळातून फेरी मारली आणि मी डोळे मिटून ऐकलं. टप, टप, टप, टप.

तो गेल्यावर बाबांनी खडूची रेघ पुसायला घेतली. “झाला,” ते म्हणाले. “आता तो गेला.”

“कुठे?”

“सरळ चालणारे जातात तिकडे.”

मला त्यांचा राग आला. अंगठा गेला म्हणून म्हातारा कडवट झालाय, असं वाटलं.

निवड झाल्याची बातमी आत्याने बाजारातून आणली. त्याची आई जिला भेटेल तिला सांगत होती. म्हणे, सगळ्यात रुबाबदार चालणं ह्याचंच होतं. मी त्या दिवसापासून पुढे बसायला लागले. काचेजवळच्या गल्ल्यावर, जिथे कोणी येत नाही. हात दगडाने घासायचे, केस बांधायचे, चांगला ड्रेस घालायचे. ऊन काचेतून आत यायचं आणि ते खोटे बूट तापून त्यांच्या पॉलिशचा वास सुटायचा.

“तुलाही काचेत ठेवलंय का विकायला?” आत्या म्हणाली.

“मागे उकडतं.”

“पुढे काय बर्फ पडतोय?”

मी कान लावून बसायचे. बाहेरून किती पावलं जायची. सगळी टप, टप. त्यातलं कुठलं त्याचं, कुठलं दुसऱ्याचं, मला आता ओळखता येत नव्हतं. तो दारावरून गेलाही असेल. दहा वेळा गेला असेल. माझं काम इतकं चोख झालं होतं.

येईल, नवी नोकरी आहे. येईल, सुट्टी मिळत नसेल. येईल, पहिला गणवेश शिवून झाला की दाखवायला येईल. मूर्ख माणसाला कारणं पुरवावी लागत नाहीत, तो घरीच तयार करतो.

मग एका दुपारी आत्याने मला बकलं आणायला पाठवलं. हॉटेल त्याच रस्त्याला होतं. तो आणि त्याच्या कामावरचे चार-पाचजण जेवणाच्या सुट्टीत बाहेर उभे होते, एकसारखे निळे कोट, एकसारखे हसत. त्यांच्यात एक मुलगी होती, मान लांब, केस घट्ट बांधलेले. ती त्याच्या दंडाला धरून काहीतरी सांगत होती.

मला पाट्या वाचत पुढे जाता आलं असतं. पण मी आमच्या घरातली आहे. मी आधी पाय बघितले. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजली होती. तो अजून वजन बाहेर टाकत होता. लवकर बदलली नाही तर बूट वाकणार आणि तो परत डुलायला लागणार, हे मला तिथे रस्त्यावर, दोन पावलांवरून दिसलं. आणि मी बघतच राहिले. चेहऱ्याकडे नाही. टाचेकडे.

“ए,” ती मुलगी त्याला म्हणाली, “ही तुझ्या बुटांकडे का बघतेय?”

सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग खाली, त्याच्या बुटांकडे.

तेव्हा मी मान वर केली. नियम मला पाठ होता, मी थांबले. त्याने आधी मान हलवायची होती. एवढीशी. बाकीच्यांना दिसलीही नसती. त्याचा चेहरा लाल झाला. मी तो चेहरा एकदाच पाहिला होता, पुठ्ठ्याचे तुकडे पडले तेव्हा.

मग त्याने खांदे सरळ केले. मी शिकवले होते तसे. किंचित झुकला आणि म्हणाला,

“काही मदत करू का?”

तोच आवाज. बोळातला.

बाकीचे हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय, गिऱ्हाइकाशी बोलतो तसा कोणा येड्या पोरीशी बोलतोय. ती मुलगीही हसली आणि तिने त्याच्या दंडावर चापट मारली.

“नको,” मी म्हणाले. “चुकून बघितलं.”

आणि बकलं घेऊन घरी आले. बकलं बरोबर आणली, मापाची. आत्याने मोजून घेतली.

जेवणं झाल्यावर मी सोल्यूशनचा डबा उचलला आणि भिंतीवर आपटला. झाकण लागलेलं होतं, त्यामुळे काही सांडलंही नाही, नुसता आवाज झाला. बाबा कलबुतं पुसत होते.

“कुठे दिसला?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला माहीत होतं.”

“पहिल्या डब्यालाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“नियम सांगितला होता तुला.”

“तो रस्त्याचा नियम आहे.”

“रस्त्याचाच असतो,” बाबा म्हणाले. “घरात काय, सगळेच ओळखतात.”

“तुम्ही मला थांबवायला हवं होतं.”

त्यांनी कलबूत खाली ठेवलं. अंगठा चोळला. “थांबवलं असतं तर तू थांबली असतीस?”

हे बाप लोकांचं आवडतं वाक्य आहे. बोलायचं नाही, आणि मग विचारायचं, बोललो असतो तर ऐकलं असतंस का. मी म्हणाले, “एकदा बोलून बघायचं होतं.” त्यांनी कलबूत परत उचललं. आत्या आतून म्हणाली, “गरज सरो, वैद्य मरो. वैद्याला तरी गोळ्यांचा डबा पुरतो, हिने दोन दोन डबे संपवले.” मग बाहेर आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचं विसरून गेली.

त्या रात्रीनंतर मी परत मागे बसायला लागले. काम होतं. अर्ध्याचे बूट, पंजा-आत बाईची चप्पल. त्यांच्यातलं कोणीही रस्त्यात मला मान हलवत नव्हतं आणि मला पूर्वी त्याचं काही वाटत नसे. आता वाटायला लागलं. बाजारात पंजा-आत बाई माझ्याजवळून पाट्या वाचत गेली की वाटायचं, तिचा हात धरावा आणि भर गर्दीत विचारावं, काय हो, नखं कापली का? मी आजवर विचारलं नाही. पण ज्या लोकांना आम्ही उभं करतो त्यांनी आम्हाला पाहिलंच नाही असं दाखवायचं, आणि आम्ही त्यालाच धंद्याची अब्रू म्हणायचं, हे मला त्या दिवसापासून पचलेलं नाही.

तो आला. यायलाच हवा होता, टाच त्याला सोडणार नव्हती. गल्लीच्या दाराने आला, निळ्या कोटावर साधं जाकीट चढवून, आणि पडदा बाजूला झाला तेव्हाच मला कळलं. पावलं ऐकू आली नव्हती.

बाबा उठायला लागले. मी म्हणाले, “बसा. माझं गिऱ्हाईक आहे.”

तो खुर्चीत बसला. बसण्याआधी आईसारखंच मागे वळून त्यानेही गल्ली बघून घेतली होती. मग पुढे वाकला आणि हळू आवाजात, त्या जुन्या आवाजात म्हणाला, “त्या दिवशी तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, संपलं. थँक्स.”

मी काय काय ऐकायची तयारी केली होती. माफी मागेल. कारण सांगेल. रडेल. थँक्सची तयारी मी केली नव्हती.

“ती माझ्याबरोबर काम करते,” तो म्हणाला. “म्हणजे आता आमचं… तिला पायाचं माहीत नाहीये. कसं सांगायचं तेच कळत नाही. तूच सांग, तुला तर ह्यातलं सगळं कळतं.”

खरंच विचारत होता. दुष्टपणा असता तर मला सोपं गेलं असतं. त्याच्या लेखी मी ती जागा होते जिथे मोजे काढता येतात. आणि जिच्यासमोर मोजे काढले तिला दिवसाउजेडी बरोबर घेऊन कोण फिरतं?

“बूट काढा,” मी म्हणाले.

“काढा? पुन्हा अहो-जाहो?” तो हसला.

“मोजेपण.”

त्याने काढले. मी पाय हातात घेतला. लहान, गोरा. पण टाचेखाली आता घट्टा पडायला सुरुवात झाली होती. चालत होता तो पाय, वजन घेत होता. घट्ट्यावरून माझा अंगठा एकदा फिरला, दुकानाच्या कामापेक्षा एकदा जास्त, आणि ते मी त्याला कळू दिलं नाही.

“उभे राहा. कंबर सरळ.”

पट्ट्या सरकवल्या. बाबांनी मागून हात ठेवले. “सव्वा,” बाबा म्हणाले, भिंतीला सांगावं तसं.

मी झिजलेली टाच काढली, नवी कापली, बाहेरच्या बाजूला एक पाचर दिली. सोल्यूशन फासलं. पातळ, जसं लावतात तसं, एका हाताने, थेंब न सांडता. तो खुर्चीत मागे टेकून ऐसपैस बसला. जाकिटाची बटणं काढली. सवयीने त्याचा हात माझ्या बोटांकडे आला, साल बघायला. तिथे साल नव्हती. मी ठोकायला हातोडी उचलली, दोन ठोके मारले, कड बोटाने तपासली आणि बूट त्याच्यापुढे ठेवला.

“झालं,” मी म्हणाले.

तो बुटाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. “एवढ्यात? पूर्वी तर दुपारच्या दुपार जायची.”

“एवढाच वेळ लागतो,” मी म्हणाले. “नेहमी एवढाच लागायचा.”

त्याने नाडी बांधायला घेतली आणि मधेच त्याचे हात थांबले. कपाळाला आठी पडली, काहीतरी आठवत असल्यासारखी. त्याला कळलं की नाही, मी सांगू शकत नाही. गल्लीत पुढचं गिऱ्हाईक येऊन उभं होतं आणि त्याच्या काठीचा आवाज येत होता.

“मागच्या दाराने,” मी म्हणाले. “आणि बाहेर पडताना गल्ली बघून घ्या.”